पाहिले-वाचले : पूर्ण नाव काय?



गेल्या दीड-दोन महिन्यांत आमचे दोन सिनेमे पाहून झाले आणि दोन पुस्तके वाचून झाली. सिनेमे म्हणजे नीरज घायवान यांचा हिंदी 'होमबाउंड' आणि नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. पुस्तके म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. यातला 'होमबाउंड' तेवढा २०२५ चा, बाकी सगळे जुने. पण आमच्यासारख्या नोकरदार माणसाला जे हाती लागेल तेच नवे. पुस्तक वाचनालयातून येते, सिनेमा शेजारच्या मुलाच्या मोबाईलवरून टीव्हीला जोडून दिसतो. कोणते कधी निघाले याची नोंद विकणाऱ्याने ठेवावी. आपण एवढेच पाहावे, की ते आपल्या घरात येऊन काय करून गेले.

या चारही गोष्टी आम्ही ठरवून निवडल्या नव्हत्या. पण एकापाठोपाठ पाहता-वाचताना लक्षात आले, की चौघांच्या पोटात एकच प्रश्न आहे : 'पूर्ण नाव काय?'

हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. कचेरीत नवा माणूस बदलून येतो, चहा पिता पिता नाव विचारतो. नुसते नाव सांगितले की म्हणतो, 'आडनाव?' आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'गाव कुठले?' गाव सांगितले की 'गावात घर कुठल्या बाजूला?' त्याला आपल्या घरी पत्र टाकायचे नसते. त्याला काय हवे आहे ते त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. बोलत कोणीच नाही. चहा मात्र गार होतो.

आता एकेक घेऊ.

'होमबाउंड' ही दोन मित्रांची गोष्ट. चंदन दलित, शोएब मुसलमान. उत्तरेकडच्या एका खेड्यातली ही गरिबाघरची पोरे. दोघांची धडपड एकच, पोलीस शिपायाची भरती. अंगावर वर्दी आली की कोणी तोंड वर करून जात-धर्म विचारणार नाही, अशी त्यांची समजूत. परीक्षा होते, निकाल लांबत जातो, घरातला पैसा संपतो. मग दोघे सुरतेला कापडाच्या गिरणीत कामाला लागतात. तेवढ्यात २०२० ची टाळेबंदी येते. काम बंद, गाड्या बंद, खिसा रिकामा. दोघे घराची वाट धरतात आणि चंदन वाटेतच जातो.

ही नुसती बनवलेली गोष्ट नाही. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातले असेच दोन मित्र सुरतेहून घरी निघाले होते. मे २०२० मध्ये रस्त्याच्या कडेला एकाने दुसऱ्याचे डोके मांडीवर घेतल्याचा फोटो देशभर फिरला होता. त्यांच्यावर पत्रकार बशारत पीर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला, त्या लेखावरून हा सिनेमा निघाला. धाराशिवच्या माणसाला तो समजावून सांगायला नको. ऊसतोडीला, पुण्याला, मुंबईला इथली घरेच्या घरे जातात. त्या उन्हाळ्यात कोण किती चालले, ते ज्याच्या त्याच्या टाचांना माहीत आहे.

पण आम्हाला त्या चालण्याहून जास्त लागला तो भरतीचा अर्ज. चंदन अर्ज भरताना राखीव जागेचा रकाना सोडतो आणि खुल्या प्रवर्गातून अर्ज करतो. त्याला वाटते, एकदा कागदावर जात लागली की ती नोकरीभर पाठ सोडणार नाही. आम्ही कारकून माणूस. आमचा जन्म रकाने भरण्यात आणि तपासण्यात चालला आहे. टेबलासमोर उभा राहिलेला हुशार पोरगा सगळा अर्ज झरझर भरतो आणि त्या एका रकान्यापाशी त्याचे पेन थांबते, हे आम्ही कैक वेळा पाहिले आहे. मग तो मागे वळून बघतो, रांगेत मागे कोण उभे आहे ते. सिनेमाने ते मागे वळून बघणे बरोबर पकडले आहे. दिग्दर्शक घायवान हैदराबादेत वाढलेले, मराठी दलित कुटुंबातले. आपणही अनेक वर्षे जात लपवून जगलो, असे त्यांनी मुलाखतींमधून उघड सांगितले आहे. ज्याने ते भोगले त्यालाच ते असे दाखवता येते.

आणखी एक प्रसंग घरातल्या बायांना चंदनच्या मरणापेक्षाही लागला. घरात एकालाच शिकवणे परवडत होते, म्हणून बहिणीचे शिक्षण थांबले आणि भावाचे चालू राहिले. ती बहीण हे भावाला तोंडावर सुनावते. आपल्या कितीतरी घरांत हे बोलणे अजून व्हायचे आहे.

दोष सांगायचे तर दोन. सुधा ही शिकणारी, बाबासाहेबांचा विचार मानणारी मुलगी सिनेमात आहे, जान्हवी कपूरने ते काम केले आहे. पण तिला पडद्यावर जागाच कमी. सगळ्यांत ताठ कणा तिचा, आणि गोष्ट मात्र तिला बाजूला ठेवून पुढे जाते. दुसरे म्हणजे आपला माणूस पुन्हा शेवटी मेलाच. 'सैराट' २०१६ साली आला, त्यातही शेवटी रक्तच सांडले होते. खरे आहे ते दाखवले, हे कबूल. पण आपली लेकरे पडद्यावर आपला माणूस कायम मरतानाच बघतात, याचाही कोणीतरी विचार करायला हवा.

आता बागुलांचे पुस्तक. हा संग्रह १९६३ चा. साठ वर्षे उलटून गेली तरी त्यातली पहिली चार पाने वाचून पुस्तक खाली ठेवता आले नाही. नावाची जी कथा आहे तिचा नायक रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत जातो. खोली मिळायला हवी, म्हणून जात सांगत नाही. तो हुशार, वाचणारा, कविता करणारा. सोबतचा रामचरण त्याला गुरू मानायला लागतो, घरी जेवायला नेतो. आणि मग एके दिवशी जात उघडी पडते. कालपर्यंत जे पाया पडत होते तेच मारायला उठतात. बागूल स्वतः काही काळ सुरतेला रेल्वेच्या नोकरीत होते आणि राहायला जागा मिळावी म्हणून त्यांनाही जात लपवावी लागली होती. म्हणजे बघा, बागूल सुरतेला, चंदनही सुरतेला. मध्ये साठ-सत्तर वर्षे गेली, गिरण्यांची यंत्रे बदलली, खोली देणाऱ्याचा प्रश्न बदलला नाही.

पण या कथेत आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो काशीनाथ. तोही महार, त्याच रेल्वेत कामाला. तो काही लपवत नाही. जात विचारली की छाती काढून सांगतो, कोणी वाकडे बोलले तर अंगावर जातो. लपवणारा नायक त्याच्यापासून चार हात लांब राहतो, न जाणो याच्यासोबत आपणही ओळखू येऊ. आणि शेवटी मार पडतो तेव्हा धावून कोण येतो? काशीनाथच. बागुलांनी यावर प्रवचन दिलेले नाही. वाचणाऱ्याने ते आपले आपण ओळखायचे आहे. जात लपवणारा मालकापासून लपतो ते ठीक, पण त्याच वेळी तो आपल्या माणसांपासूनही लपतो. संकटाच्या वेळी जो धावून येणार, त्यालाच तो ओळख दाखवत नाही.

'फँड्री' आम्ही पूर्वीही पाहिला होता, या वेळी मुलांसोबत पाहिला. २०१४ च्या फेब्रुवारीत तो थेटरात लागला होता. मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आपल्या परंड्याच्या शिवेपलीकडचे. त्यामुळे त्यातले बोलणे, बाभळी, ऊन, सगळे ओळखीचे. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी पोरगा. वर्गातली शालू त्याला आवडते. आपल्या घरचे काम शालूला दिसू नये, एवढीच त्याची धडपड. आणि नेमके गावच्या जत्रेसाठी डुकरे धरायचे काम त्याच्या बापाला मिळते. बापाला लेकीच्या लग्नासाठी पैसा हवा, त्याला नाही म्हणता येत नाही. मग सारी शाळा बघायला गोळा होते.

चंदनला अर्जाचा रकाना सोडता येतो. बागुलांच्या नायकाला गप्प बसता येते. जब्याला ती सोय नाही. खांद्यावर काठीला टांगलेले डुक्कर कुठे लपवायचे? ते घेऊन जाताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र दिसते. त्या वेळी आमच्या घरात कोणी काही बोलले नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्या अंगावर येतो. 'होमबाउंड' पाहून डोळे पुसावे लागतात, 'फँड्री' पाहून मान खाली घालावी लागते. कारण जब्याला चिडवणाऱ्या त्या गर्दीत आपल्यापैकीही कोणी उभे असू शकते. कैकाडी, पारधी, वडार यांच्या पालाकडे आपण कसे बघतो, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे.

याच कारणासाठी 'फकिरा' प्रत्येक बौद्ध घरात वाचली जावी, असे आमचे मत आहे. ही कादंबरी १९५९ ची. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. तरी आपल्याकडे अजून काही जण म्हणतात, 'ते मातंग समाजाचं पुस्तक.' अशा बंधूंना आम्ही एवढीच आठवण देतो, की आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आले होते, ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. परिषदेच्या नावातच दोन्ही समाज शेजारी शेजारी होते. आपण त्यांच्यात भिंत कशाला घालायची?

'फकिरा'त नाव विचारण्याची वेगळीच तऱ्हा आहे. इंग्रज सरकारने काही जातीच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांच्या माणसांना रोज हजेरी लावली. चोरी केलेली असो वा नसो, नाव पुकारले की हजर व्हायचे. म्हणजे एकीकडे चंदनसारख्याला भीती, की आपले नाव कोणाला कळेल. आणि दुसरीकडे फकिराच्या लोकांना रोज नाव पुकारूनच अपमान. या हजेरीपुढे आणि दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी फकिरा उभा राहतो. धान्य लुटतो, खजिना लुटतो, आणि आपल्या माणसांवर संकट आले तेव्हा स्वतः होऊन हवाली होतो. शेवटी तोही मरतो. पण त्याचे मरण आणि चंदनचे मरण यांत फरक आहे. फकिरा आपले नाव सगळ्यांना सांगून मरतो.

कादंबरीत उणे नाही असे नाही. चांगला माणूस फार चांगला, वाईट फार वाईट. गोष्ट पोवाड्यासारखी धावते, वाचणाऱ्याला थांबून विचार करू देत नाही. पण फकिराची आई राधा आणि गावातले विष्णुपंत कुलकर्णी ही माणसे मनात राहतात. विष्णुपंत जातीने वरचे, तरी उपाशी माणसाच्या बाजूने उभे राहतात. अण्णाभाऊंनी माणूस जातीवरून मोजला नाही, हे यावरून कळते.

परवा विहारात वंदनेनंतर याच विषयावर बोलणे निघाले. आम्ही बागुलांच्या काशीनाथाबद्दल सांगत होतो. तेव्हा एक बाई उठल्या. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. त्या म्हणाल्या, "दादा, माझ्या लेकराला दोन ठिकानी खोली न्हाई म्हनले. तिसऱ्या ठिकानी त्यानं आडनाव दुसरंच सांगितलं, तवा खोली भेटली. आता तितं बाबासाहेबांचा फोटो लावायची सोय न्हाई. मी पुण्याला गेले तर म्हनतो, आई, खाली कुनासंगं बोलत बसू नगंस. तुमी म्हनता नाव सांगा. मंग खोली तुमी देता का?"

सगळे गप्प झाले. प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून या सदरात त्याचे उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

पहिली गोष्ट. त्या पोराला भित्रा म्हणायचा कोणालाही अधिकार नाही. लाज वाटायची तर आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्याला वाटावी. डोक्यावर छप्पर हवे म्हणून जो खोटे बोलतो, त्याच्या खोट्याचा धनी तो घरमालक आहे.

दुसरी गोष्ट मात्र तितकीच खरी. खोलीसाठी सांगितलेले नाव खोलीपुरते राहत नाही. आधी आडनाव बदलते, मग भिंतीवरचा फोटो उतरतो, मग चौदा एप्रिलला मुलगा गावी यायचे टाळतो, मग आईला सांगतो की खाली कोणाशी बोलू नकोस. बागुलांच्या नायकाचे हेच झाले. आपल्या लेकराचे तसे होऊ नये ही काळजी आईला आहे, तीच आम्हाला आहे.

तिसरी गोष्ट अर्जाची. खोलीचे एक वेळ समजू शकते, पण शिक्षणाच्या आणि नोकरीच्या अर्जातला रकाना लाजेपोटी सोडू नका. ज्याला खुल्या जागेवर आपल्या गुणांनी जायचे आहे त्याने खुशाल जावे, तो त्याचा हक्क आहे. पण कोणी बघेल म्हणून रकाना सोडणे वेगळे. तो रकाना कोणी भीक म्हणून दिलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच ठेवला होता. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्म स्वीकारला आणि कागदावर 'बौद्ध' असे लिहिले, तेव्हा केंद्राच्या सवलती हातच्या गेल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! कागदावर जुनेच नाव ठेवून गुपचूप फायदा घेणे सोपे होते. कित्येकांनी ते केले नाही. अंगठा उठवणाऱ्या माणसांनी शिरगणतीवाल्याला ठणकावून सांगितले, 'बौद्ध लिहा.' नुकसान सोसून ज्यांनी खरे नाव लिहिले, त्यांच्या नातवांचे पेन आज रांगेत मागे बघून थांबावे, हे मनाला पटत नाही.

आणि चौथी गोष्ट, त्या बाईंच्या प्रश्नाची. 'खोली तुम्ही देता का?' हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला, पण तो आहे आपल्यातल्या त्या सगळ्यांना, ज्यांची पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, मुंबईला, सोलापुरात स्वतःची घरे झाली. दोन खोल्यांचे घर झाले, वरचा मजला झाला, भाडेकरू ठेवला. तो ठेवताना गावाकडच्या, आपल्या किंवा दुसऱ्या कुठल्या उपेक्षित समाजातल्या पोराला पहिली संधी दिली का? काशीनाथ चाकू घेऊन धावला होता. आपल्याला चाकू काढायची गरज नाही, कुलपाची किल्ली काढली तरी पुरे. भाडे रीतसर घ्या, पावती द्या, पण भिंतीवर फोटो लावायला खिळा ठोकू द्या.

असो. सिनेमे आणि पुस्तके कोणी पाहावी-वाचावी तेही सांगून टाकतो. 'होमबाउंड' घरातल्या सगळ्यांनी एकत्र पाहावा. हिंदी सोपे आहे, आजीलाही समजते. शेवट जड आहे, म्हणून लहान लेकरांना शेजारी घेऊन बसा आणि संपल्यावर लगेच झोपायला पाठवू नका, थोडे बोला. 'फँड्री' पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांनी जरूर पाहावा. 'फकिरा' मोठ्याने वाचायची कादंबरी आहे. संध्याकाळी विहारात रोज एक प्रकरण एकाने वाचले आणि बाकीच्यांनी ऐकले तर ज्यांना वाचता येत नाही त्यांचेही भागेल. बागुलांचा संग्रह मात्र एकट्याने वाचावा. तो वाचताना मध्येच बोलायला कोणी नको वाटते.

आणि ज्यांच्याकडे शहरात एखादी खोली रिकामी आहे, किंवा रिकामी होणार आहे, त्यांनी आपल्या जवळच्या विहारात तसे कळवावे, ही विनंती. पुढच्या वेळी त्या बाईंना उत्तर देताना आमच्याजवळ दोन-चार पत्ते असावेत, एवढीच इच्छा आहे. जयभीम.